भिमाच्या गळ्यातली जोलाना

बँड दुकानावरून चालला होता तेव्हा हनुमंत एका जळालेल्या मोटारीत डोकं घालून बसला होता. शिरूरच्या एसटी स्टँडमागं त्याचा वायंडिंगचा गाळा; लग्नसराईत दिवसाकाठी दोन-तीन वराती दारावरून जायच्या आणि तो मान वर करायचा नाही. मोटार भरणं हे कामच तसलं, एकदा खाचेत तार बसवायला घेतली की दारात वाघ आला तरी त्याला थांब म्हणायचं. पण त्या दिवशी समोरून उसाची रिकामी ट्रॉली आडवी आली, बँड दारातच खोळंबला, वाजंत्र्यांनी पिपाण्या खाली घेतल्या, आणि एकदम जी शांतता झाली तिनंच त्याची मान वर झाली. दारापासून चार हातांवर सोनेरी झिरमिळ्यांचा कोट घातलेला एक शेलाटा माणूस घाम पुसत उभा होता आणि त्याच्या गळ्यात ती होती. हनुमंतानं आधी तिचा आकार पाहिला, एक शिंग लांब आणि एक आखूड. मग तो भाजलेल्या वांग्यासारखा कडेला काळा आणि मध्ये तांबूस होत गेलेला रंग. मग खालच्या अंगाची बटणं, त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा मोठं, कारण ते गिटारचं नव्हतंच, जुन्या रेडिओचं होतं, आणि ते त्यानंच दौंडच्या खोलीत बसून कानशीनं घासून बसवलं होतं. तिच्यातून एक काळी वायर निघाली होती, ती सोनेरी कोटावरून खाली आली होती आणि त्या माणसाच्या पँटच्या खिशात गेली होती. खिशात. कुठल्या मशिनला नाही, कुठल्या कर्ण्याला नाही. ट्रॉली सरकली, पिपाण्या वर गेल्या, आणि तो माणूस गिटारच्या तारांवर नुसताच हात मारत, कंबर हलवत, तोंडानं हसत पुढं निघून गेला.

"हनुमंतराव, मोटार कवा मिळंल?" बाकावरचं गिऱ्हाईक विचारत होतं. हनुमंतानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो माणूस आपण काही वावगं बोललो की काय म्हणून बाकावर मागं सरकला. मग हनुमंत उठला. हाताला वॉर्निश, पायात एकच चप्पल, दुसरी कुठं गेली ते बघायचं भान नाही, असा तो दुकान गिऱ्हाईकाच्या भरवशावर टाकून बाजारपेठेकडं चालू लागला. चाळिशीला आलेला बाप्या वरातीमागं पळतोय हे शोभत नाही हे त्याला कळत होतं. ओळखीचे दोघं-तिघं हाका मारत होते. त्याला ऐकू येत होतं ते भलतंच, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचं. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला तो कौलारू बंगला, आवारातली पेरूची झाडं, आणि आतून येणारा एक असा आवाज की जो त्यानं तोवर कधी कुठल्या जिवंत गोष्टीतून ऐकला नव्हता.

तेव्हा तो आयटीआयला वायरमनचं शिकत होता आणि दौंडला खोली करून राहत होता. बेंजामिन साहेब म्हणजे रेल्वेतला जुना गार्ड, आडदांड, तांबडा, मराठी बोलायचा ती सगळ्यांना अरे-तुरे करत. त्याच्या घरातला फ्यूज उडाला म्हणून हनुमंताला कुणीतरी पाठवलं. फ्यूज बसला, दिवे लागले, आणि साहेब म्हणाला, थांब, आता बघायला पाहिजे करंट नीट येतो की नाही. त्यानं भिंतीवरची गिटार काढली, वायर एका पेटीला लावली आणि एक तार छेडली. हनुमंताला वाटलं, ही तार आपल्या बरगडीत वाजली. गावाकडं, खुटबावच्या धनगरवाड्यात त्यानं ढोल ऐकला होता, सनई ऐकली होती, बाप तात्याबा रानात मेंढरांमागं पावा वाजवायचा तो ऐकला होता. ते सगळे आवाज बाहेरून यायचे. हा आतून आला. साहेब सांगायचा की ही चेकोस्लोवाकियाची, नाव जोलाना. मुंबईच्या गोदीत एका खलाशाकडून घेतली. मोठ्या नावाच्या अमेरिकन गिटारी सगळ्यांना ठाऊक, हिला कुणी विचारत नाही, पण हिच्या गळ्यात जो घोगरा गोडवा आहे तो त्या राण्यांच्या गळ्यात नाही. हनुमंताला अमेरिकन राण्या माहीत नव्हत्या, त्यामुळं तुलनेचा प्रश्नच नव्हता. तो रोज जायला लागला. बल्ब बदल, पंखा उतरव, नळाची मोटार बघ, आणि त्या बदल्यात एक सूर, दुसरा सूर. पुढं साहेबाची पोरं ऑस्ट्रेलियाला गेली, त्यांनी बापालाही बोलावलं, आणि निघायच्या दिवशी साहेबानं ती हनुमंताच्या हातात दिली. तिकडं पोरं नवी घेऊन देतील, तू हिला उपाशी ठेवू नको, एवढंच म्हणाला. आपण काय बोललो ते हनुमंताला आठवत नाही. बहुधा काहीच नाही. त्याचं सगळं आयुष्य असं, ऐन वेळी तोंडाला कुलूप.

बँड मंगल कार्यालयापाशी थांबला होता. वाजंत्री सावलीला बसून पाणी पीत होते, आणि तो सोनेरी कोटवाला गिटार भिंतीला उलटी टेकवून विडी ओढत होता. उलटी, तोंड भिंतीकडं. हनुमंताच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तोंडातून निघालं ते अगदी मवाळ, "जरा बघू का?"

"बघा की," तो म्हणाला. "मी भिमा. तुमी?"

हनुमंतानं नाव सांगितलं नाही. तो खाली बसला, त्यानं ती मांडीवर घेतली, आणि तिचं वजन त्याच्या मांडीला ओळखीचं लागलं. कुणीतरी तिच्यावर चमकीचे तारे चिकटवले होते. तारा गंजून तांबारल्या होत्या, दोन तर गायबच.

"वाजती का?"

"छ्या. मुकी हाय. आन् वाजली असती तरी मला कुठं येतंय?" भिमा मोकळेपणानं हसला. "माझं काम नाचायचं. पब्लिकला वाटतं हाच वाजिवतो. लई खूश हुत्यात."

बँडचे मालक सोपानराव, केंदूरचे. फेटा बांधलेले, धुरळ्यातही धोतर पांढरंशुभ्र राखणारे गृहस्थ. ते ओळख निघाल्यावर एकदम मऊ झाले, कारण सीझनच्या तोंडावर जळालेला त्यांचा जनरेटर हनुमंतानंच भरून दिला होता. पण गिटारीचं नाव काढताच त्यांनी मान हलवली. दौंडात एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्याच्या कपड्यांच्या गाठोड्याबरोबर ही आली दिवाळीत, आणि ती आल्यापासून केंदूरच्या बँडला एक तारीख मोकळी नाही. "मुकी हाय, पर पायगुणाची हाय, हनुमंतराव. तुमी दुसरं काय बी मागा. घरची लक्ष्मी कुणी इकतं का?"

हे वाक्य हनुमंताला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. कारण त्यानं विकली होती. आणि नेमकं हेच वाक्य, जवळजवळ ह्याच शब्दांत, त्याच्या आईनं म्हटलं होतं.

आयटीआय संपवून तो गावी परत आला होता, आणि खंडेनवमीचा दिवस होता तो. त्या दिवशी खुटबावात घरोघर हत्यारं बाहेर निघतात. कुऱ्हाड, विळे, खुरपी, मेंढरं कातरायच्या कात्र्या, कुळवाच्या फासा, अलीकडं पाण्याची मोटारसुद्धा. सगळं धुवायचं, चिंच लावून घासायचं, आणि हळदकुंकू वाहून ओळीनं मांडायचं. ज्याच्यावर घर पोसतं त्याला त्या दिवशी देव म्हणायचं. हनुमंत दौंडला गेला होता. परत आला तेव्हा अंगणात ऊन रेंगाळलं होतं, आणि त्या उन्हात, कुऱ्हाड आणि कात्री ह्यांच्यामध्ये, त्याची जोलाना उभी होती. ओली. अंगभर धुतलेली, राख-चिंचेनं घासघासून तिचं लोखंड आरशासारखं केलेलं, तारांवर हळद, कपाळावर, म्हणजे जिथं तिचं नाव लिहिलं होतं तिथं, कुंकवाची पाच बोटं आणि झेंडूचं फूल. आई वच्छलाबाई हात पुसत दारात आली. तिच्या तोंडावर जे कौतुक होतं ते हनुमंतानं त्याआधी आणि त्यानंतर पाहिलं नाही.

"तुज्या बी हत्याराला पुजलं बग," ती म्हणाली.

हत्यार. तोवर घरात कुणी तिला हत्यार म्हटलं नव्हतं. बाप म्हणायचा, ह्या लाकडाला दूध येतं का? भावकी म्हणायची, चाळे. पोराटोरांना ती खेळणं वाटायची. आणि आईनं, जिला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, तिनं कुणालाही न विचारता तिला कात्रीच्या शेजारी बसवली होती. बाप ओट्यावर तंबाखू मळत होता आणि त्या दिवशी त्यानंसुद्धा तिला नावं ठेवली नाहीत. पाणी आत गेलं असणार म्हणून हनुमंताला ओरडावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी त्याला रडू येत होतं. तो खाली वाकला आणि त्यानं इतर सगळ्यांबरोबर तिलाही नमस्कार केला. दुसरं काय करणार? चार दिवसांत तिची एक बाजू मुकी झाली, पंधरवड्यात दुसरी. रेडिओला वायर लावून तो तार छेडायचा आणि रेडिओतून नुसती खरखर यायची, मग तीही नाही. तारांखाली ज्या दोन चपट्या डब्या होत्या, ज्यांना साहेब पिकअप म्हणायचा, त्यांच्या आत पाणी आणि चिंच गेली होती. आईला सांगायचं तर, बाई, तू पुजलीस म्हणून ती मेली, असं सांगायचं. ते त्याच्यानं होण्यासारखं नव्हतं. मुकी ती भिंतीवर बघवेना. लग्न ठरत होतं, शिरूरला गाळा बघायचा होता, आणि एका दुपारी त्यानं ती दौंडच्या एका वाद्यवाल्याला मिळेल त्या भावात देऊन टाकली. घरी सांगितलं, कंटाळा आला. आई चुलीपुढून उठली नाही. "पुजलेलं हत्यार इकलंस," एवढंच म्हणाली. "घरची लक्ष्मी कुणी इकतं का?" त्यानंतर इतकी वर्षं झाली, बाप गेला, नातवंडं झाली, पण दर खंडेनवमीला आई हत्यारं मांडते तेव्हा कात्रीच्या शेजारची जागा मोकळी सोडते. मुद्दाम सोडते की सवयीनं, हे त्यानं कधी विचारलं नाही. तो त्या दिवशी काहीतरी काम काढून शिरूरलाच राहतो.

आणि खरी गंमत तर पुढंच होती. तो वायंडिंगच्या धंद्यात पडला. दिवसभर जळक्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी भरायची. असाच एकदा एका स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल, ती लहान डबी, केसासारख्या तारेची, हातात धरून बसला असताना त्याला लख्खकन कळलं की जोलानाच्या पोटात ह्यापेक्षा वेगळं काहीही नव्हतं. एक लोहचुंबक आणि त्याभोवती तार. बस्स. वायरमनचा दाखला खिशात असूनही त्यानं तेव्हा ती डबी उघडली नव्हती, कारण ती चेकोस्लोवाकियाची, साहेबाची, तिच्या आत काहीतरी आपल्या अकलेपलीकडचं असणार असं त्यानं धरूनच चाललं होतं. गावातल्या शंभर मुक्या मोटारींना ज्यानं आवाज दिला त्यानं आपली एकुलती एक मुकी गिटार विकून टाकली होती. त्या दिवशी त्यानं दुकान लवकर बंद केलं आणि घोडनदीच्या काठाला जाऊन नुसता बसला. मग त्याला पुण्याच्या जुन्या बाजाराचं वेड लागलं. तारेची रिळं आणायच्या निमित्तानं जायचं आणि भंगाराच्या ढिगातून फिरायचं. तिथं त्याला एक रशियन गिटार भेटली, ऐरणीसारखी जड, निळीशार. घेऊ की नको करत घासाघीस करून तो परतला आणि पुढच्या खेपेला ती नव्हती. एक जपानी भेटली, पाठीवर कुणा मुलीचं नाव कोरलेली, तिला मान नव्हती. मान नसलेली घेऊन काय करायचं म्हणून सोडली आणि मग मान कुठूनही करून घेता आली असती म्हणून महिनाभर हात चोळत बसला. कलकत्त्याची एक पिवळी होती, ती तर हातात घेतली होती, आणि शेजारच्यानं जरा जास्त आवाजात भाव विचारला म्हणून हनुमंतानं निमूट त्याच्या हातात दिली. घरी बायको अनिता विचारायची, आज कोण सुटली? तो सांगायचा. ती म्हणायची, तुमच्या हाताला काय तेल लावलंय का, सगळं निसटतं ते? ती थट्टेत म्हणायची, पण त्याला ते खरं वाटायचं. आपण सोडून देणारा माणूस आहोत. मागं ज्या सुटल्या त्या सगळ्या एका रांगेत त्याच्या डोळ्यांपुढं उभ्या राहायच्या, आणि रांगेच्या तोंडाशी ती, ओली, कपाळावर कुंकू.

हे सगळं आता मंगल कार्यालयाच्या भिंतीशी, सोपानरावांच्या पांढऱ्या धोतरापुढं, एका क्षणात त्याच्या डोक्यातून गेलं, आणि तो परत निमूट उठणार होता. उठलासुद्धा. पण हातातली गिटार भिंतीला टेकवायची ती त्याच्यानं टेकवेना.

"आप्पा," तो सोपानरावांना म्हणाला, "इकू नका. मी फकस्त नीट करून देतो."

"नीट म्हंजी?"

"बोलती करतो."

सोपानरावांनी भिमाकडं पाहिलं, भिमानं खांदे उडवले. "जनरेटर तुमीच भरला, तवा तुमच्यावर इस्वास हाय," सोपानराव म्हणाले. "रविवारी खुटबावात लग्न हाय, तिथं घेऊन या. पर आणायची बरं का. पायगुणाची चीज हाय."

खुटबाव. हनुमंत मान डोलावत राहिला. लग्न भावकीतलंच होतं, अनितानं आहेराचं लुगडंसुद्धा आणून ठेवलं होतं. तिथं मांडवात आई असणार.

त्यानं ती दुकानात आणली, शटर अर्धं ओढलं आणि टेबलावर आडवी घेतली. चमकीचे तारे खरवडून काढले. स्क्रू सैल करताना खाचेतून पिवळी भुकटी निघाली, ती त्यानं बोटावर घेतली, हुंगली. वास कधीच गेला होता, पण हळदच ती. आत तांबं हिरवं होऊन बसलं होतं. वाचायची सोय नव्हती, नवीच भरायची. आणि ह्याच वेळी एक काळा विचार त्याच्या मनात येऊन पाय पसरून बसला, की न भरता नेऊन द्यावी आणि सांगावं, आप्पा, हिच्यात राम नाही, द्या टाकून मला. सोपानरावांना काय कळणार होतं? अगदी सोपं होतं. मोटारीच्या धंद्यात असं करणारे त्यानं ढिगानं पाहिले होते. दोन दिवस तो त्या विचाराभोवती घुटमळला, जेवणावर वासना नाही, गिऱ्हाईकाशी धड बोलणं नाही. शेवटी त्याला कळलं की अडचण वेगळीच आहे. खोटं बोलायचं तर ती आणखी थोडे दिवस मुकी ठेवावी लागणार, आणि आता उघडून समोर ठेवल्यावर तिला एक दिवससुद्धा मुकी ठेवणं आपल्याला जमायचं नाही. त्यानं स्टार्टरच्या कॉइलीची ती केसासारखी तार काढली आणि भरायला बसला.

मोटारीची तार दोरीसारखी असते, दांडगाई चालते. ही तार डोळ्याला दिसतसुद्धा नव्हती, बोटालाच कळत होती. जरा ताण पडला की तुटायची आणि पहिल्यापासून. अनिता डबा घेऊन आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या बाळंतपणात एवढा श्वास रोखून बसला नव्हता." त्यानं मान वर केली नाही. ती बाकावर बसून राहिली, कारण इतक्या वर्षांत तिनं फक्त सुटलेल्यांच्या हकिगती ऐकल्या होत्या, एक तरी हातात असलेली ती पहिल्यांदाच बघत होती. तिच्यासमोरच त्यानं शेवटची टोकं जोडली, नव्या तारा चढवल्या, वायर टेपच्या मशिनला लावली. आधी नुसती घरघर आली. ती त्याच्या ओळखीची होती. प्रत्येक मोटारीच्या पोटात तीच असते, आख्ख्या तालुक्याच्या विजेची घरघर. मग त्यानं सगळ्यात जाड तार छेडली. टेबलावरचे स्क्रू थरथरले. बाहेर चहावाल्यानं गाळणं हातात धरून वळून पाहिलं. तोच आवाज, घोगरा, गोड, बरगडीत वाजणारा, जणू मधली वर्षं मध्ये आलीच नव्हती. हनुमंत हसायला लागला. त्याला ते आवरेना. बोटं जाड झाली होती, टोकं वॉर्निशनं बधिर, सूर चुकत होते, आणि तो हसत होता, आणि अनितासुद्धा, काय झालं ते नीट न कळता, डोळे पुसत हसत होती.

रविवारी खुटबावात दुपार कलती झाल्यावर नवरदेव मारुतीच्या देवळाकडं निघाला. पुढं बँडची गाडी, तिच्यावर कर्णे, मागं जनरेटर धडधडतोय. हनुमंतानं गिटार भिमाकडं दिली नाही. वायर खिशाऐवजी कर्ण्याच्या मशिनला लावली, पट्टा गळ्यात घातला आणि तो गाडीच्या मागं रस्त्यात उभा राहिला. बायांच्या घोळक्यात त्याला आईचं हिरवं लुगडं दिसलं. पळून जावं असं वाटलं. आता काय वाजवायचं, हे ठरवलं होतं ते पार डोक्यातून गेलं. सिनेमाची गाणी बँडवाले वाजवतच होते. तेवढ्यात नवरीकडच्या धनगरवाड्यातली माणसं ढोल घेऊन पुढं आली आणि त्यांच्यातल्या कोंडिबा मामानं गजीचा, धनगरी नाचाचा ठेका धरला. तो ठेका हनुमंताला शिकावा लागलेला नव्हता. बाप रानात पाव्यावर जे घोळवायचा, मेंढरं वळवताना, ज्याला नाव नव्हतं की शब्द नव्हते, ते त्याच्या बोटांतून आपोआप निघालं. पहिले काही सूर लोकांना कळलेच नाहीत. मग ढोलवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कोंडिबा मामानं ढोल फिरवून थेट त्याच्या पुढ्यात आणला आणि टिपरी दुप्पट जोरात पडली. जोलाना वर चढली. चेकोस्लोवाकियात कुणी सुतारानं ते लाकूड तासलं असेल, खलाशानं गोदीत आणलं असेल, साहेबानं तिच्यावर दौंडात मडमांना नाचवलं असेल, आणि आता तिच्यातून तात्याबाचा पावा निघत होता, शंभरपट मोठा, कर्ण्यांतून, अख्ख्या खुटबावावर. म्हातारे पटक्याची टोकं हातात घेऊन रिंगणात उतरले. नवरदेवाचा घोडा मागं तटला, वरात देवळाच्या अलीकडंच अडली, भटजींचा निरोप आला तरी कुणी हललं नाही. बँडचे पिपाणीवाले पिपाण्या काखोटीला मारून बघत राहिले. भिमा तर सोनेरी कोटासकट रिंगणात होता. हनुमंत घामानं निथळत होता, एक बोट फुटलं होतं, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपण किती मोठे आहोत ते कळत होतं. साधं आहे, त्याला आनंद झाला होता, इतका की तो मावत नव्हता.

वाजवणं थांबलं तेव्हा सोपानराव गर्दीतून वाट काढत आले. त्यांचा फेटा सुटला होता. ते खूश होते, दोनदा पाठीवर थाप मारली, आणि मग त्यांनी सवयीनं हात पुढं केला. "आणा. गाडीत ठिवतो."

हनुमंतानं त्या हाताकडं पाहिलं. असे किती हात त्यानं पाहिले होते. त्यानं पट्टा घट्ट धरला.

"न्हाई द्यायचा, आप्पा."

"म्हंजी?"

"माझी हाय ती. मी इकली, चुकलो. आता न्हाई देणार. तुमी काय म्हणाल ते भरीन, पर हातातनं न्हाई सोडणार." आवाज मोठा झाला होता. कर्णा चालू होता की काय असं त्याला वाटलं. नव्हता, ते त्याचंच नरडं होतं. लोक वळून बघायला लागले.

सोपानरावांचा चेहरा तांबडा झाला. ते काहीतरी जोराचं बोलणार इतक्यात भिमा मध्ये आला, अजून धापा टाकत. "देऊन टाका, आप्पा. आता ह्या लोकांनी ऐकली. फुडच्या लग्नाला म्हणत्याल वाजीव, आन् मी खिशात वायर घालून हुबा. मार खाईन की मी. मला मुकीच पायजे."

सोपानराव त्याच्याकडं बघत राहिले. पायगुण एका बाजूला आणि भिमाची पाठ दुसऱ्या बाजूला, असा हिशेब त्यांच्या तोंडावर चाललेला स्पष्ट दिसत होता. शेवटी त्यांनी फेट्याचं टोक खांद्यावर टाकलं. "लाकडाची एक करून द्या मग," ते म्हणाले. "अशीच. आन् तिच्यावर रंगीत बल्ब बसवा, वरातीत दिसायला पायजेत."

"बसवतो," हनुमंत म्हणाला. "पेटते-इझते बसवतो."

गर्दी देवळाकडं सरकली. रस्त्यात तो एकटा राहिला, गिटार गळ्यात, वायर हातात गुंडाळलेली. आई बायांच्या घोळक्यातून मागं राहिली होती. ती जवळ आली. तिनं गिटारीला हात लावला नाही, तिच्याकडं नीट वरून खाली पाहिलं, लेकाच्या फुटलेल्या बोटाकडं पाहिलं. त्याला आईला काय काय सांगायचं होतं, आणि एक गोष्ट, तिच्या पुजेनंच ती मुकी झाली ही, जन्मात सांगायची नव्हती.

"आणली, आये," तो म्हणाला.

वच्छलाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लई येळ लावलास," ती म्हणाली, आणि त्याच्या पुढं देवळाकडं चालू लागली.